नऊ दगड, चार पौंड

आठवडाभर आम्ही डबे तोलतो,
बेनवेलच्या चर्चमागच्या हॉलमध्ये.
टोमॅटो, घेवडा, मॅकरेल, पीच,
आधी काट्यावर, मग वहीत, मग फळीवर.
डेनिस ओरडते, "तारीख बघ, पेट, तारीख!"
न्यूकासलात सगळ्यांनाच पेट म्हणतात.
मी दोन आठवडे स्वतःचं पोट झाकत होते.

शनिवारी दोनला शटर पडतं
आणि आम्ही चौघं ग्रेन्जर मार्केटात.
पुढे डेनिस, तिची चाकाची पिशवी खडखडत,
मागे तेस्फाय, अस्मारात भूगोल शिकवणारा,
मग गोल्नाझ, जिला प्रत्येक डाळिंब
कानाशी धरून वाजवून बघायचं असतं,
आणि मी, बार्शीची, निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
वर्षभराच्या व्हिसावर
परक्या गावाचं धान्य मोजायला आलेली.

काचेआड एक पिवळा गोळा होता.
"पीज पुडिंग," डेनिस म्हणाली.
पुडिंग म्हणजे गोड, म्हणून मी नको म्हणणार होते.
जिभेवर ठेवलं, आणि अगं बाई,
पिठलं!
थंडगार, बिनफोडणीचं,
मिरचीशी बोलणं टाकलेलं,
पण पिठलंच.
सोबत स्टॉटी नावाचा जाड, बसका पाव,
भाकरीची धाकटी बहीण,
भट्टीच्या घरी दिलेली.
मी पर्समधून कांदा-लसूण मसाल्याची डबी काढली.
तेस्फायने हुंगली, म्हणाला, बर्बेरे!
गोल्नाझ सहा वेळा शिंकली.
शेजारचा खाटीक सुरी ठेवून वाकून बघायला लागला,
त्यालाही दिला थोडा, कागदावर.

मार्केटात एक वजनाचं दुकान आहे.
तिथे काही विकत नाहीत.
पैसे द्यायचे, काट्यावर उभं राहायचं,
माणूस चिठ्ठीवर लिहून देतो.
नऊ दगड, चार पौंड, कोटासकट.
दगडांत मोजलेली मी पहिल्यांदाच.
डेनिसने तिची चिठ्ठी न वाचताच गिळल्यासारखी खिशात टाकली.
मी माझी हातात धरून उभी,
आणि नाकात, कुठून कोण जाणे,
चिंचेचा वास.

रात्री बिग मार्केट.
नावाला मार्केट; मिळते फक्त रात्र.
मार्च महिना, माझ्या अंगावर दोन स्वेटर,
आणि पोरी बिनबाह्यांच्या, हसत, अनवाणी,
चपला हातात घेऊन चाललेल्या.
एका होऊ घातलेल्या नवरीने
तेस्फायच्या डोक्यावर प्लास्टिकचा मुकुट ठेवला,
तो त्याने रात्रभर काढला नाही,
भूगोलाच्या मास्तराला शोभेल अशा गंभीरपणे.
बादली वाजवणाऱ्या पोरासमोर
गोल्नाझ खांद्यांनी नाचली, फक्त खांद्यांनी.
मी लेमोनेडमध्ये अर्धी बियर प्यायले.
बार्शीत कळवू नका.

मग नदीकाठी, ग्रेव्हीत बुडवलेल्या चिप्स.
वर पुलाच्या कमानींत समुद्रपक्षी भांडत होते,
टँकर आल्यावर गल्ली भांडते तसे.
तेव्हा मी सांगितलं:
अण्णांचं रेशन दुकान होतं.
पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा असायचा,
शेंगदाण्याएवढा.
चिंच मी आणून द्यायचे. आठ वर्षांची होते.
चिकटवायला छान मऊ लागते, हे मला माहीत होतं.
मापात पाप म्हणतात आमच्यात.
याला माझ्या इंग्रजीत शब्दच सापडेनात,
हातानेच दाखवलं, पारडं, बूड, बोट.

"म्हणून आलीस का इथे?" तेस्फायने विचारलं, मुकुटासकट.
नाही, म्हटलं.
मग म्हटलं, थोडीशी.
गोल्नाझने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं.
डेनिस म्हणाली, "चिप्स गार होतायत, पेट."

सोमवारी पहिली पिशवी ठेवण्याआधी
मी काट्याच्या बुडाखालून हात फिरवते.
काही नसतं. बॅटरीचं झाकण फक्त.
तरी एक घेवड्याचा डबा जास्तीचा टाकते.
डेनिस बघते.
वहीत लिहीत नाही.